हिवतापाचं खरकटं

१८९७ सालचा ऑगस्ट. सिकंदराबादेजवळ बेगमपेठच्या लष्करी दवाखान्यात रोनाल्ड रॉस सूक्ष्मदर्शकावर वाकून बसलेला. उकाडा असह्य, पण वरचा पंखा ओढायची सोय नाही, कारण वाऱ्याने फाडून ठेवलेले डास उडून जायचे. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजलेले. हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या एका रुग्णाला त्याने हाताशी धरलं होतं. चावून घेतलेल्या प्रत्येक डासामागे एक आणा, असा सौदा. १६ ऑगस्टला त्याला डास चावले आणि २० तारखेला, त्यांतल्या उरलेल्या शेवटच्या काही डासांपैकी एकाचं पोट तपासताना रॉसला जठराच्या भिंतीत काही गोल पेशी दिसल्या. डासाच्या पोटात पेशी दिसणं यात नवल नव्हतं. नवल होतं ते त्या पेशींच्या आत असलेल्या काळ्या कणांचं. असेच कण रॉसने हिवतापाच्या रुग्णांच्या रक्तात शेकडो वेळा पाहिले होते. डासाच्या अंगात ते असायचं काहीच कारण नव्हतं. खूण पटली. हिवताप डासातून जातो, हे त्या काळ्या ठिपक्यांनी सांगितलं. आजही २० ऑगस्ट हा जागतिक डास दिन म्हणून पाळतात.

रॉसची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. ते काळे कण काय होते, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. ते होते हुसेन खानच्या स्वतःच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं खरकटं. परजीवीने त्याच्या तांबड्या पेशीत बसून जेवण केलं, जे पचलं नाही ते एका कोपऱ्यात गोळा केलं, आणि डासाच्या पोटात शिरतानाही ते गाठोडं बरोबर नेलं. हिवतापाच्या शास्त्राचा जवळजवळ सगळा इतिहास या खरकट्याभोवती फिरतो, असं मला वाटतं. आणि औषधांचा तर नक्कीच.

कण रॉसच्या फार आधीपासून लोकांना दिसत होते. १७१७ मध्ये रोममधल्या जोव्हान्नी मारिया लान्चिसीने हिवतापाने मेलेल्यांच्या मेंदूवर आणि प्लीहेवर, म्हणजे आपल्या पाणथरीवर, काळपट छटा असल्याचं लिहून ठेवलं. १८४७ मध्ये हाइनरिश मेकेल या जर्मन वैद्याने रक्तातच हे काळे दाणे पाहिले. ते रोगाने बिघडलेल्या शरीराचंच काहीतरी असावं, अशी तेव्हाची समजूत. अल्जीरियातल्या कॉन्स्टंटाइन शहरात फ्रेंच लष्करी डॉक्टर अल्फोन्स लाव्हरां या दाण्यांचाच पाठपुरावा करत होता. ६ नोव्हेंबर १८८० रोजी एका सैनिकाचं ताजं रक्त बघताना, काळे दाणे असलेल्या एका गोळ्यातून बारीक धागे बाहेर येऊन वळवळताना त्याने पाहिले. दाणे बिघडलेल्या रक्ताचे नव्हते. त्यांचा मालक जिवंत होता. १९०७ साली लाव्हरांला नोबेल मिळालं, रॉसला त्याच्याही आधी, १९०२ मध्ये.

आता त्या मालकाच्या घरात शिरू.

तांबडी रक्तपेशी हे परजीवीने राहायला निवडावं असं मोठं विचित्र घर आहे. तिला केंद्रक नाही, डीएनए नाही, नवीन प्रथिनं बनवायची यंत्रणा नाही. पेशी कसली, हिमोग्लोबिनने ठासून भरलेली पिशवीच. एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. पाणी सोडलं तर आत उरतं त्यातलं बहुतेक सगळं तेच. बाहेरची रोगप्रतिकार यंत्रणा आतल्या पाहुण्याला सहज ओळखू शकत नाही, कारण आपल्या आत काय चाललंय याचा नमुना बाहेर दाखवायची सोयही या पेशीकडे नसते. लपायला उत्तम जागा, आणि खायला एकच पदार्थ, पण तो गळ्यापर्यंत.

प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम, म्हणजे हिवतापाच्या परजीवींतला सगळ्यात घातक प्रकार, या घरात ४८ तास राहतो. आत शिरल्यावर पहिले काही तास तो अंगठीसारखा दिसतो. प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ त्याला रिंग म्हणतात आणि खरंच, रंगवलेल्या काचपट्टीवर निळी कडी आणि तिच्यावर लाल खडा बसवल्यासारखं दिसतं. या वयात तो थोडंच खातो. मग भूक लागते. विसाव्या तासाच्या आसपास तो फुगायला लागतो आणि पुढच्या बारा-पंधरा तासांत पेशीतलं निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन फस्त करतो. अभ्यासकांचे आकडे साठ ते ऐंशी टक्क्यांपर्यंत जातात. शेवटी त्याच्या अंगातून सोळा ते बत्तीस पिल्लं तयार होतात, पेशी फुटते, आणि ती पिल्लं नव्या पेशी शोधायला रक्तात सुटतात. पेशी फुटते तेव्हा रुग्णाला हुडहुडी भरते. आयुर्वेदात तृतीयक आणि चातुर्थिक असे ज्वर सांगितले आहेत, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी उलटणारे. त्या वैद्यांनी सूक्ष्मदर्शक न वापरता परजीवीच्या जेवणाचं वेळापत्रकच मांडून ठेवलं होतं म्हणा ना.

खायची पद्धत पाहण्यासारखी आहे. परजीवी आणि रक्तपेशीचा द्रव यांच्यामध्ये दोन पडदे असतात, एक परजीवीचा स्वतःचा आणि एक पेशीत शिरताना भोवती तयार झालेला. या दोन्ही पडद्यांना मिळून एका ठिकाणी आत खळगा पडतो. या खळग्याला सायटोस्टोम म्हणतात, म्हणजे पेशीचं तोंड. चमच्याने वाटीतली कढी घ्यावी तसा रक्तपेशीचा थोडा द्रव त्या खळग्यात येतो, खळग्याचं तोंड मिटतं आणि हिमोग्लोबिनने भरलेली पुडी आत जाते. या पुड्या एका मोठ्या पिशवीत रिकाम्या होतात. ही पाचक पोकळी. आत आम्ल असतं, पीएच सुमारे ५.२, म्हणजे दह्यापेक्षा सौम्य पण रक्तापेक्षा शंभराहून अधिक पट आम्ल. परजीवीचं जठर म्हणायला हरकत नाही, फक्त याला पुढे आतडं नाही आणि बाहेर जायची वाटही नाही. हा शेवटचा तपशील लक्षात ठेवा.

पोकळीत गेलेल्या हिमोग्लोबिनवर विकरांची, म्हणजे एन्झाइमांची, एक अख्खी टोळी तुटून पडते. आधी प्लाझ्मेप्सिन नावाची विकरं. त्यातलं एक हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीत तेहेतिसाव्या आणि चौतिसाव्या अमिनो आम्लांच्या मधोमध वार करतं. जागा अगदी मोक्याची आहे. हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरून असताना त्याचे चार तुकडे जिथे घट्ट बसलेले असतात, त्या बिजागरीजवळची. तिथे कापलं की अख्खा रेणू सैल पडतो आणि उलगडतो. घट्ट विणलेल्या लोकरीच्या स्वेटरचा नेमका एक टाका सोडावा आणि बाकीचा हाताने ओढला तरी उसवत जावा, तसं. मग फाल्सिपेन नावाची विकरं मोठे तुकडे करतात, फाल्सिलायसिन आणखी बारीक, आणि शेवटी अमिनो आम्लं एकेक-दोनदोन सुटी होतात. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात डॅनियल गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ही कापाकापी टप्प्याटप्प्याने उलगडून दाखवली.

कोणाच्याही डोक्यात हेच येईल की या सुऱ्या बोथट केल्या की परजीवी उपाशी मरेल. औषध कंपन्यांच्याही डोक्यात हेच आलं. प्लाझ्मेप्सिनला अडवणारे रेणू शोधायला बरीच वर्षं आणि बराच पैसा गेला. मग जनुकं काढून टाकायची तंत्रं आली आणि पाचक पोकळीतली चारही प्लाझ्मेप्सिनं काढून टाकलेला परजीवी तयार झाला. तो मेला नाही. वाढला हळू, पण जगला. फाल्सिपेन अडवलं की पोकळी न पचलेल्या हिमोग्लोबिनने फुगते हे खरं, पण या टोळीत एक गेला की दुसरा त्याचं काम उचलतो. स्वयंपाकघरात चार सुऱ्या असतात, विळी असते, कात्री असते. एक हरवली म्हणून भाजी चिरायची थांबत नाही.

बरं, एवढं सगळं तो खातो कशासाठी? प्रश्न भाबडा वाटेल, पण हिशेब जुळत नाही. पचवलेल्या हिमोग्लोबिनमधून जेवढी अमिनो आम्लं सुटतात त्यातली जास्तीत जास्त सुमारे १६ टक्के परजीवी स्वतःची प्रथिनं बनवायला वापरतो. उरलेली रक्तपेशीच्या भिंतीतून बाहेर, थेट रुग्णाच्या रक्तद्रवात सोडून दिली जातात. एक भाकरी खाऊन पाच बाहेर टाकायच्या, असा हा उद्योग. त्यातून गंमत अशी की एवढ्या प्रथिनांच्या ढिगाऱ्यात आयसोल्युसिन नावाचं एक अमिनो आम्ल मुळातच नसतं. प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये, अल्फा साखळीच्या १४१ आणि बीटा साखळीच्या १४६ घटकांत, ते एकदाही येत नाही. (गर्भातल्या बाळाच्या हिमोग्लोबिनमध्ये मात्र असतं.) परजीवीला तर त्याची गरज असते. म्हणून तो रक्तपेशीच्या भिंतीत नव्या वाटा पाडतो आणि आयसोल्युसिन बाहेरून मागवतो. प्रयोगशाळेत परजीवी वाढवताना पोषणद्रवात बाकीची अमिनो आम्लं वगळली तरी चालतात, आयसोल्युसिन मात्र द्यावंच लागतं. कोठारात बसलेल्या उंदराला मीठ बाहेरून आणावं लागतं, तसला प्रकार.

मग हे जास्तीचं खाणं का? केंब्रिजमधल्या विर्जिलिओ ल्यू यांनी २००३ मध्ये मांडलेलं उत्तर मला फार आवडतं, कारण त्यात भुकेचा संबंध नाही, जागेचा आहे. परजीवी वाढतो तशी पेशी भरत जाते. शिवाय त्याने भिंतीत पाडलेल्या वाटांमधून पाणी आणि क्षार आत येऊ पाहतात. आतलं हिमोग्लोबिन पाणी ओढून धरतं. तसंच राहू दिलं तर पेशी ४८ तासांच्या आधीच फुगून फुटेल आणि पिल्लं अर्धवट राहतील. हिमोग्लोबिन पचवलं, त्यातली अमिनो आम्लं बाहेर घालवली, की आतला ताण कमी राहतो. थोडक्यात, बरंचसं जेवण घर रिकामं करायला केलेलं असतं. चाळीतल्या एका खोलीत बाळंतपणासाठी जागा करताना जुनं सामान काढून टाकतात, तसं.

पण सामान काढताना एक वस्तू अडते. अमिनो आम्लं बाहेर टाकता येतात. हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत चार हीम असतात, ती टाकता येत नाहीत.

हीम म्हणजे एका चपट्या कडीच्या मध्यभागी बसवलेला लोहाचा अणू. ऑक्सिजन धरायचं काम त्याचं, रक्ताला तांबडा रंग त्याचा. हिमोग्लोबिनच्या घडीत तो नीट गुंडाळलेला असतो तोवर उपकारी. घडी उसवली आणि तो मोकळा झाला की त्याच्यासारखा घातक पदार्थ पेशीत दुसरा नाही. लोहाचं ऑक्सिडीकरण होतं, त्या ओघात हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी मारक रसायनं तयार होतात, आणि चपटं, तेलकट हीम पेशीच्या पडद्यांत घुसून ते विरघळवू लागतं. एका पेशीतलं दोन-तृतीयांश हिमोग्लोबिन पचलं असं धरा. म्हणजे १८ कोटी रेणू, म्हणजेच ७२ कोटी हीम, आणि ती सगळी एका अशा पोकळीत जिचा आकार मिलीमीटरच्या हजाराव्या भागाच्या फार पलीकडे नाही. यातला अगदी थोडा भाग जरी मोकळा राहिला तरी परजीवी आपल्याच जेवणाने विरघळून जाईल.

आपल्या शरीरालाही हीमचा त्रास होतोच. त्यावरचा आपला उपाय प्रत्येकाने आपल्या अंगावर पाहिलेला असतो. मुका मार लागला की आधी निळं-काळं पडतं, चार-पाच दिवसांत हिरवट होतं, मग पिवळं. त्वचेखाली सांडलेल्या रक्तातलं हीम आपलं शरीर तोडतं. तोडल्यावर आधी हिरवं बिलिव्हर्डिन, मग पिवळं बिलिरुबिन. कडी फोडायची, लोह साठवायचं, रंग पित्तातून घालवायचा. ही शिडी परजीवीकडे नाही. त्याला हीम फोडता येत नाही, बाहेर टाकता येत नाही आणि ठेवता तर अजिबात येत नाही.

त्याने काढलेली पळवाट अशी: हीम निरुपद्रवी करता येत नसेल तर दगड करून टाकायचं. दोन-दोन हीमच्या जोड्या बांधायच्या. एकाचा आम्लगट दुसऱ्याच्या लोहाला धरतो आणि दुसऱ्याचा पहिल्याच्या. अशा जोड्या विटांसारख्या एकावर एक रचल्या की स्फटिक तयार होतो. गडद तपकिरी, विटेसारखा लांबट, पाण्यात न विरघळणारा. याचं नाव हिमोझोइन. लान्चिसीला दिसलेली काळपट छटा, मेकेलचे दाणे, लाव्हरांचे आणि रॉसचे कण, सगळं हेच. १९९२ मध्ये एका संशोधनात हे काम एक विकर करतं आणि हिमोझोइन म्हणजे हीमची लांब साखळी आहे असं सुचवलं होतं. बरीच पुस्तकं अनेक वर्षं तेच छापत राहिली. २००० साली क्ष-किरणांनी रचना उलगडली तेव्हा कळलं की साखळी वगैरे काही नाही, जोड्या-जोड्यांचा स्वच्छ स्फटिक आहे.

हा स्फटिक जिवंत परजीवीत बघायला मिळाला तर जरूर बघा. स्थिर बसत नाही तो. पाचक पोकळीत सगळे स्फटिक अखंड गरगर फिरत असतात, उकळत्या आधणात तांदळाचे दाणे उसळावेत तसे. परजीवी मेला की थांबतात. हे नाचणं शंभरावर वर्षं लोकांना दिसत होतं आणि कुणी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी सुचवलं की पोकळीत तयार होणारं हायड्रोजन पेरॉक्साइड स्फटिकाच्या पृष्ठभागावर फुटतं आणि त्याच्या धक्क्याने स्फटिक फिरतो. रॉकेटच्या इंधनासारखंच म्हणायचं. तसं असेल तर खरकट्याचा ढीग दुसरं विषही जिरवतो, आणि सतत हलते राहिल्याने स्फटिक एकमेकांना चिकटत नाहीत.

रक्त पिऊन जगणाऱ्या इतरांनाही हाच प्रश्न पडतो आणि काहींनी हेच उत्तर काढलं आहे. दक्षिण अमेरिकेतला ऱ्होड्नियस नावाचा रक्तपिपासू ढेकूण आणि शिस्टोसोमा हा रक्तातला चपटा कृमी, दोघेही हीमचे स्फटिक करतात. नात्याने एकमेकांपासून कित्येक कोस दूर असलेले जीव, पण जेवण एकच, म्हणून खरकट्याची व्यवस्थाही एकच.

पेशी फुटल्यावर हे स्फटिक रक्तात पडतात. पांढऱ्या पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत, आणि मग आठवडेच्या आठवडे पोटात काळा दगड घेऊन फिरतात. पाणथरी, यकृत, अस्थिमज्जा सगळीकडे ते साठतात. फाल्सिपेरमच्या गंभीर आजारात रक्तातल्या जास्त पांढऱ्या पेशींमध्ये काळे कण दिसले तर डॉक्टर ते वाईट लक्षण मानतात, कारण त्याचा अर्थ शरीरात कुठेतरी, नजरेआड, बऱ्याच परजीवींनी जेवण उरकलं आहे. फाल्सिपेरमचे मोठे झालेले परजीवी सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात, बोटातून काढलेल्या रक्तात येतच नाहीत. काचपट्टीवर फक्त अंगठ्या दिसतात. व्हायव्हॅक्स या हिवतापाच्या दुसऱ्या परजीवीत तसं नसतं, तिथे मोठे परजीवीही फिरतात आणि त्यांच्यातली तपकिरी धूळ सहज दिसते. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रांत जेएसबी स्टेनने रंगवलेल्या रक्ताच्या पट्ट्या दिवसभर बघणारे तंत्रज्ञ असतात. जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांच्या नावाचा हा देशी, स्वस्त रंग. या तंत्रज्ञांना दोन प्रकारांतला फरक सांगताना हे कण मदत करतात.

आणखी एक गंमत. ऑक्सिजनने भरलेल्या हिमोग्लोबिनला चुंबक आकर्षित करत नाही, उलट किंचित दूरच ढकलतो. हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ मध्येच दाखवलं. हिमोझोइनमधलं लोह मात्र चुंबकाकडे ओढलं जातं. म्हणून प्रयोगशाळेत बाधित रक्त चुंबकी स्तंभातून ओतलं की निरोगी पेशी खाली वाहून जातात आणि पोटात खरकटं असलेल्या पेशी तिथेच अडकतात.

आता औषधांकडे. जे औषध जेवण अडवायला निघालं ते फसलं, हे आपण पाहिलं. जे औषध खरकटं अडवतं ते विसाव्या शतकातल्या सर्वांत यशस्वी औषधांपैकी एक ठरलं.

क्लोरोक्विनची गोळी आपल्याकडे एका पिढीला तरी चवीने आठवते. जिभेवर ठेवली की तोंड वाकडं करणारी, पाण्याबरोबर गिळली तरी घशात राहणारी. १९३४ मध्ये जर्मनीतल्या बायर कंपनीत हान्स आंडरसाग यांनी ती बनवली आणि कंपनीने फार विषारी म्हणून बाजूला ठेवली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांना तिचं मोल कळलं. ती वागते कशी? क्लोरोक्विन सौम्य अल्कली आहे. रक्तातून ती पडदे ओलांडून सहज आत जाते, पण परजीवीच्या आम्ल पोकळीत शिरली की तिच्यावर धन विद्युतभार चढतो आणि मग ती पडद्यातून परत येऊ शकत नाही. एकेक रेणू अडकत अडकत ती पोकळीत बाहेरच्यापेक्षा हजारोपटीने साठते. तिथे मोकळ्या हीमला चिकटते आणि स्फटिकाच्या वाढत्या कडेवरही बसते. वीट रचायची जागाच अडते. हीम मोकळं राहतं, पडदे विरघळतात, आणि परजीवी स्वतःच्या ताटावर बसून मरतो.

यातूनच कळतं की ही गोळी सगळ्या वयाच्या परजीवीवर का चालत नाही. डासात जायला तयार झालेले फाल्सिपेरमचे नर-मादी परजीवी परिपक्व झाले की हिमोग्लोबिन खाणं बंद करतात. त्यांना खरकट्याचा प्रश्नच नाही, म्हणून क्लोरोक्विनचा त्यांच्यावर परिणाम नाही. फाल्सिपेरमच्या रुग्णाला इतर औषधांबरोबर प्रायमाक्विनचा एक डोस देतात तो याच मंडळींसाठी. रॉसच्या डासात काळे कण पोचले तेही यांच्यामुळेच. जुनं गाठोडं यांच्याजवळ असतं, नवं जेवण नसतं.

परजीवीने क्लोरोक्विनला दिलेलं उत्तर तितकंच नेमकं आहे. पाचक पोकळीच्या भिंतीत एक दार आहे, त्याचं मूळ काम हिमोग्लोबिनचे पचलेले तुकडे बाहेर नेणं. या दाराच्या प्रथिनात ७६व्या जागी लायसिन नावाचं अमिनो आम्ल असतं. त्यावर धन भार असतो, म्हणून धन भाराची क्लोरोक्विन दारातून परतवली जाते. तिथे लायसिनच्या जागी भाररहित थ्रिओनिन आलं, आणि सोबत आणखी थोडे बदल झाले, की दार क्लोरोक्विनला बाहेर जाऊ देतं. १९५०च्या दशकाच्या शेवटी थायलंड-कंबोडिया सीमेवर आणि कोलंबियात अशी प्रतिकारशक्ती दिसली. भारतात ती पहिल्यांदा १९७३ मध्ये आसामच्या कार्बी आंगलाँग भागात नोंदली गेली. आज आपल्याकडे फाल्सिपेरमसाठी क्लोरोक्विन देत नाहीत, व्हायव्हॅक्ससाठी अजून देतात.

पण बदललेल्या दाराची किंमत मोजावी लागते. मूळ कामात, म्हणजे तुकडे बाहेर नेण्यात, ते कच्चं पडतं. क्लोरोक्विनचा धाक असतो तोवर हा तोटा परवडतो, नसला की नाही. आफ्रिकेतल्या मलावीने १९९३ मध्ये क्लोरोक्विन बंद केलं. काही वर्षांत तिथे जुन्या दाराचे परजीवीच पुन्हा बहुसंख्य झाले, आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हीच गोळी जवळजवळ ९९ टक्के मुलांवर लागू पडली.

हिमोग्लोबिनच बदललेलं असेल तर? गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या भागांत सिकलसेलचं जनुक बरंच आढळतं, आणि हे जंगलपट्टे हिवतापाचेही जुने बालेकिल्ले. आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच हे जनुक आलेल्या माणसाला सहसा आजार होत नाही, आणि गंभीर हिवतापापासून त्याला मोठं संरक्षण मिळतं. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या पाहणीतून हे दाखवलं. ऑक्सिजन कमी पडला की या हिमोग्लोबिनचे दोर वळले जातात आणि आतल्या परजीवीची वाढ अडते. दोन्हीकडून जनुक आलेल्या मुलाला मात्र या संरक्षणाची किंमत आयुष्यभराच्या वेदनांनी मोजावी लागते.

आजचं मुख्य औषध आर्टेमिसिनिन. चीनच्या तू योयो यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला छिंगहाओ या वनस्पतीतून काढलेलं, २०१५चं नोबेल मिळवून देणारं. ते मोकळं हीम वाढवत नाही, मोकळ्या हीमचा वापर करतं. त्याच्या रेणूत दोन ऑक्सिजन अणूंचा एक पूल आहे. हीममधलं लोह त्याला भेटलं की पूल तुटतो, रेणू पेटतो आणि आसपासच्या प्रथिनांवर तुटून पडतो. परजीवीने जेवढं जास्त खाल्लं तेवढं औषध जास्त पेटणार. निरोगी पेशीत हीम गुंडाळलेलं असतं, म्हणून तिथे ते शांत राहतं.

या सापळ्यातून सुटायचा एकच मार्ग, आणि परजीवीने तोच शोधला. २००८-०९ च्या सुमारास पश्चिम कंबोडियात आर्टेमिसिनिनने रक्त साफ व्हायला जास्त वेळ लागू लागला. २०१४ मध्ये त्यामागचं जनुक सापडलं, केल्च-१३. या जनुकाचं प्रथिन करतं काय, हे २०२० साली जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या गटाने दाखवलं. हिमोग्लोबिन आत घेणाऱ्या यंत्रणेला ते लागतं, तेही विशेषकरून अंगठीच्या वयात. बदललेलं केल्च-१३ असलेला कोवळा परजीवी कमी खातो. कमी खातो म्हणून मोकळं हीम कमी, म्हणून औषध नीट पेटत नाही. आर्टेमिसिनिन रक्तात काही तासच टिकतं. तेवढे तास उपवास केला की झालं. मग तो जेवायला बसतो.

म्हणूनच आर्टेमिसिनिनबरोबर नेहमी जास्त काळ टिकणारं दुसरं औषध देतात. कंबोडियात ते पिपराक्विन होतं, क्लोरोक्विनचाच चुलतभाऊ, तेही हीमच्या स्फटिकावर घाव घालणारं. तिथला परजीवी त्यालाही जुमानेनासा झाला, आणि तपासल्यावर कळलं की अशा परजीवींमध्ये प्लाझ्मेप्सिनच्या दोन जनुकांच्या जादा प्रती आहेत. लहानपणी कमी खाणारा आणि मोठेपणी जास्त सुऱ्या बाळगणारा, असा एकच परजीवी तिथे पसरला. कंबोडियाने मग मेफ्लोक्विन पुन्हा वापरात आणलं. त्या औषधाला पूर्वी प्रतिकार झाला होता तो एका पंपाच्या जनुकाच्या जादा प्रतींमुळे. पिपराक्विनच्या काळात बहुतेक परजीवींनी त्या प्रती टाकून दिल्या होत्या. हा पंपही बसलेला असतो त्याच पाचक पोकळीच्या भिंतीत.